पिठाच्या डब्याशेजारचा कॉम्प्युटर

चि. अभिमन्यू,

सोलापूरहून कुंडलिकमामाचे आशीर्वाद. इथल्या उन्हाने जरा तापलेत, तरी गोड मानून घे. पित्त कसं आहे तुझं? (पुण्याचा चहा कमी कर.) आमच्या तब्येती बऱ्या आहेत. मन मात्र बरं नाही, आणि त्याला कारण तू. म्हणजे तू कसला, मीच.

दिवाळीत तू आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून ती लिनक्स घालून दिलीस, तेव्हा 'फुकट ते पौष्टिक' म्हणून नाचणारा मीच. नंतर कळलं, वायफाय पकडणारी आमची जुनी डबी (अंगठ्याएवढी, मागे खोचायची ती) लिनक्सला ओळखच दाखवत नाही. रविवारी जर्मनीहून रेश्मा दिसेना. एकुलती एक लेक रे! मोबाइल आहे, पण त्यात नातीचं नाक तेवढं दिसतं.

मग लिनक्सवर चालेल अशी स्वस्तातली डबी शोधत नवी पेठेत मौलाभाईंच्या दुकानी गेलो. ते म्हणाले, "चाचा, सब पे चलता. नहीं चल्या तो वापस लेतूं." नाहीच चालली. पण परत कशी करणार? घरात आलेल्या यंत्राला हळदकुंकू लावल्याशिवाय तुझी मामी बटण दाबू देत नाही. (खंडेनवमीला आमच्याकडे मिक्सरसुद्धा नटतो.) मौलाभाईंनी डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, नवरीसारखी सजवून आणलीत, आता ही कुणाच्या गळ्यात मारू? दुसरी आणली. खोक्यावर नाव, नंबर तू कळवलेलाच. आतली चिप मात्र कंपनीने गुपचूप बदललेली. तिलाही कुंकू लागून चुकलं होतं.

शेवटी रविवार बुडू नये म्हणून कॉम्प्युटर उचलून स्वयंपाकघरात राउटरजवळ नेला आणि वायर जोडली. आता तो पिठाच्या डब्याशेजारी बसतो, आणि मामी भाकरी थापता थापता रेश्माशी तासभर बोलते. काय बोलतात देव जाणे, खिदळतात मात्र लई. पूर्वी पुढच्या खोलीत मी बोलायचो, आणि मामी शेवटी पदराला हात पुसत येऊन "जेवलीस का?" एवढंच विचारायची. आता शेवटी मला हाक येते. मी दारात उभा राहून विचारतो, "जेवलीस का?" तेवढ्यात फोन ठेवायची वेळ झालेली असते. फार वाईट वाटतं रे.

परवा मौलाभाईंनी तिसरी डबी मागवून दिली. खोचली, आणि काय सांगू! दिवा लागला, शेजारपाजारच्या वायफायची नावंसुद्धा दिसायला लागली. मी कॉम्प्युटर परत पुढच्या खोलीत न्यायला उचलणार, तोच मामी म्हणाली, थांबा, आधी पूजा. डबी काढून देवापुढे नेली, अगदी निवांत पूजा केली. त्यानंतर डबी जी बंद पडली ती पडलीच. आपलंच नशीब फुटकं, डबीला काय बोल लावायचा?

तुझा,
कुंडलिकमामा

ता. क. खरं काम असं, की चालणारी एक डबी तूच तपासून मौलाभाईंच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. मामीला कळू देऊ नकोस. (फोनवर बोललो तर ती ऐकते, म्हणून हा पत्राचा खटाटोप.)

ता. क. दुसरा, मामीचा. बाळा, ह्येंनी पत्र पोस्टात टाकायला माज्याजवळच दिलंय की. डबी पाटवू नगंस. तिसरी चांगली हुती. कुंकू तेलात कालवून मीच तिच्या तोंडात भरलं. तू कवा येतूस? जेवलास का?