मात्सुए आजींचा उजवा पाय

६ नोव्हेंबर, गुरुवार

मात्सुए आजींचं फिरतं दुकान सकाळीच गॅरेजच्या दारात. ओकुसावाच्या चढावर, शेवटच्या वळणाआधी, गाडीचा दम संपला म्हणाल्या. गिअर आपोआप खाली पडतो, तो पडेना. इंजिन थरथरलं आणि बंद. मागे टोफूचे डबे कलंडले. आजींनी हँडब्रेक ओढला, पुसापुशी केली आणि गाडी उलटी उतरवली. एकोणऐंशीव्या वर्षी! त्या वळणावर मीही उलटी उतरवणार नाही.

आल्या आल्या मुद्द्यावर. "नोरियुकी म्हणतो, आई, गाडी नाही, तुझा पाय गेलाय. बर्फाआधी लायसन्स पोलिसांकडे परत कर म्हणतो. तू बघ. दोष असेल तर शोध. नसेल तर तोंडावर सांग."

"आणि नसला तर?"

"तर परत करीन. पण पाय गेला म्हणून परत करायला लागलं तर कुरामोची, मी या गावात मान वर करणार नाही."

संध्याकाळी स्वतः चालवली. आमच्याच मागच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल दाबलं, गिअर अलगद खाली. काही म्हणजे काही दोष नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

कालचा आणि आजचा दिवस त्या गाडीखाली. तेल काढून बघितलं — लालसर, जळका वास नाही. पातळी बरोबर. गाळणीत चुरा नाही. ब्रेक धरून पूर्ण रेस दिली, इंजिनाचे फेरे हवे तिथेच थांबले. म्हणजे आतले क्लच घसरत नाहीत. या जुन्या गिअरबॉक्सला संगणक नाही. पेडलपासून एक केबल जाते, पाय किती दाबला ते गिअरबॉक्सला तीच सांगते; तळापर्यंत दाबला तरच गिअर खाली पडतो. ती केबलही तपासली. नव्यासारखी.

इतकी वर्षं चाललेला गिअरबॉक्स इतका निरोगी! वडिलांनी आणि मी मिळून सांभाळलेली गाडी आहे ही. खोटं कशाला, छाती थोडी फुगली.

बायको, सुमिए, चहा घेऊन आली. "दोष सापडला नाही म्हणून आनंद झालेला मेकॅनिक पहिल्यांदाच बघतेय."

आजींना फोन केला. गाडी ठणठणीत आहे म्हटलं. पलीकडून एकच शब्द. "बरं."

११ नोव्हेंबर, मंगळवार

तोच चढ. तसंच बंद.

या वेळी गाडी नोरियुकीने आणली. आजी शेजारी, पिशवी मांडीवर घट्ट धरून. नोरियुकी नगरपालिकेत आहे, सौम्य माणूस, आवाज चढवत नाही. "कुरामोचीदादा, तुम्हीच म्हणालात ना गाडी ठीक आहे?"

"म्हणालो."

"ऐकलंस आई? मी नाही म्हणत. मेकॅनिक म्हणतोय."

आजी माझ्याकडे बघतही नव्हत्या. माझ्या चोख कामाचा दाखला त्यांच्याच विरुद्ध वापरला जात होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा सगळं तपासलं. पुन्हा काही नाही. उद्या आजींबरोबर फेरीला जायचं. गाडी त्यांनी चालवायची, मी शेजारी बसायचं. हे आधीच सुचायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सापडला! सापडला!

नीट लिहितो. आजी दार उघडून आधी बूट काढतात, पिशवीत घालतात, मग नुसत्या मोज्यांवर आत. त्यांच्या गाडीत बूट चालत नाहीत, हे गावाला ठाऊक. मलाही काढायला लावले. "दुकान आहे हे. खायच्या वस्तू आहेत."

वाटेत तीन वस्त्यांवर थांबलो. कोन्याकूच्या वड्या, आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो, सुकी मासळी, एका आजोबांची वर्तमानपत्रं. प्रत्येक ठिकाणी बूट घाला, बूट काढा. एक बाई मला म्हणाली, "नवीन पोरगा ठेवलात वाटतं, मात्सुए?" आजी म्हणाल्या, "कामाला बरा आहे, तोंड फार चालतं."

मग ओकुसावाचा चढ. मी गाडीकडे नाही, त्यांच्या पायाकडे बघत बसलो. पाऊल ठाम. घोटा थरथरत नव्हता. वेळेवर दाबलं, पूर्ण दाबलं — आणि पेडल तळाच्या अर्धं बोट वर अडलं. खाली जाड लोकरी चटई. पेडल तळाला टेकतच नव्हतं. केबल बिचारी गिअरबॉक्सला सांगत होती, बाईंना घाई नाही. वरचाच गिअर धरून इंजिन गुदमरलं.

आणि मला का सापडलं नाही? गिऱ्हाइकाच्या गाडीत बसण्याआधी त्याच्या चटया उचल, घडी घाल, कोरड्या जागी ठेव, कागद अंथर — वडिलांचा पहिला धडा. माझ्या हाताखालून ही गाडी जितक्या वेळा गेली, तितक्या वेळा मी दोष अदबीने उचलून फळीवर ठेवला आणि मग दोष शोधत बसलो. गाडी परत देताना पुन्हा अंथरला, कडा जुळवून.

आजींना दाखवलं. हसतील वाटलं. त्यांनी चटईची कडा हाताने सरळ केली. मग म्हणाल्या, "सप्टेंबरात वृद्धदिनाला नोरियुकीने दिली. पाय गारठतात म्हणून. थंडी पडली तशी अंथरली. त्याला सांगू नकोस."

"आजी, नाही सांगितलं तर लायसन्स जाईल."

"त्याने आवडीने आणलीय रे."

१५ नोव्हेंबर, शनिवार

मी सांगितलं नाही. नोरियुकीला फक्त चढावर घेऊन गेलो आणि म्हटलं, तू चालव. बूट काढून.

पन्नाशीचा माणूस, शाळेत धावायचा. शेवटच्या वळणाआधी गाडी त्याच्याही पायाखाली मेली. त्याने पुन्हा सुरू केली, पुन्हा दाबलं, पुन्हा मेली. मग मी चटई बाजूला सरकवायला सांगितली. गिअर खाली पडला आणि गाडी वर.

वर पोचल्यावर चटईकडे बघत बसला. म्हणाला, "ही मी सेंदाईहून आणली होती." मग, "तिला कळलं होतं?"

"गुरुवारी कळलं. तुला सांगू नको म्हणाल्या."

घरी गेल्यावर त्याने दारातच वाकून आईची माफी मागितली. आजी म्हणाल्या, "आत ये, सूप निवतंय."

१६ नोव्हेंबर, रविवार

चटईला पेडलपुरती खाच कापली. सुमिएने कडेला दोरा घातला. पेडल तळाला टेकतं. आजी चार वेळा चढून आल्या, गरज नसताना. मग पेट्रोलपंपावर, केशकर्तनालयात, सगळीकडे सांगत सुटल्या, "पाय नव्हता, चटई होती." गावात आज हीच बातमी. माझंही नाव त्यात येतं. सुमिए म्हणते, पाय जमिनीवर ठेवा. ठेवतो. उद्यापासून.

१ डिसेंबर, सोमवार

पहिला बर्फ. मात्सुए आजींनी आज लायसन्स परत केलं. कोणी सांगितलं नव्हतं. चाव्या नोरियुकीला दिल्या, शनिवारची फेरी तो करणार, बाकीचं बघू म्हणाल्या. मी कारण विचारलं. "आता पाय चांगला आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आता सोडता येतं." नोरियुकी ठाण्याबाहेर गाडी घेऊन उभा होता. त्या बसल्या नाहीत. चढावरून घरी चालत गेल्या, आणि तो मागून, पहिल्या गिअरमध्ये.