दुसऱ्या गाडीची चाकं

४ फेब्रुवारी
चाकं गेली. मेकॅनिकने पुढच्या चाकाच्या तारांवरून बोट फिरवलं तर एक तार हातातच आली. गंजून पार भुगा. या गाडीच्या रिमा आता मिळत नाहीत म्हणाला. भंगारात घाला, नाहीतर दुसऱ्या मॉडेलची चाकं लावू.
बसतात का, विचारलं.
"बसत नाहीत. बसवावी लागतात."
बसव म्हटलं. या घरात लग्नाआधीची माझी म्हणावी अशी ही मोटरसायकलच काय ती. पलंग सासऱ्यांचा, छप्पर सासऱ्यांचं, रंगाचं दुकानही सासऱ्यांचंच. गाडी गोदामामागे, रिकाम्या डब्यांच्या आड. माझ्यासारखीच – आहे, पण कुणाच्या मध्ये येत नाही.

६ फेब्रुवारी
एका बाईंनी तोच निळा पुन्हा परत आणला. रंगाच्या कार्डावर असा नव्हता म्हणे. तंतोतंत तसाच होता! बाबा, म्हणजे सासरे, मला बाजूला घेऊन म्हणाले, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांशी भांडू नये. हसून म्हणाले. ते कधी आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर भांडून निघता तरी आलं असतं. गोड माणसाच्या घरातून बाहेर पडायला दारच सापडत नाही.
दुपारी जुन्या साहेबांचा फोन. विहिरी खोदायच्या कामावरचे. डोंगरात नवीन काम सुरू होतंय, पहिल्या तारखेला हजर हो. तिथे बस जात नाही, स्वतःची गाडी हवी.
हिला सांगितलं. ही चादरीची घडी घालत होती. घातलेली घडी मोडली, परत घातली.

९ फेब्रुवारी
चाकं आली! काळी, जाड, बिनतारांची. माझ्या गाडीचा एक्सल बारीक, चाकाचं भोक मोठं. मेकॅनिकने बेअरिंग बदललं, उरलेली फट भरायला लेथवरून बुश करून आणला. लावून फिरवलं तर चाक पिऊन आल्यासारखं डुलतंय. बुश कमी पडला.

१० फेब्रुवारी
परत लेथवाल्याकडे. कुठे होतात, बाबांनी सहज विचारलं. बँकेत, म्हणालो. चाळिशीला टेकलेला माणूस मी, शाळा बुडवलेल्या पोरासारखं खोटं बोलतो.

१४ फेब्रुवारी
पुढचं बसलं. मागचं लावत होतो आणि मान वर केली तर बाबा उभे! कशाला, कुठे जायचंय – काही विचारलं नाही. उकिडवे बसले, गुडघे कटकन वाजले. एक डोळा मिटून पाहिलं.
"चाक डावीकडे गेलंय. चेन तिरकी ओढेल."
दोरी लावून पाहिली. खरंच तिरकी.
तुम्हाला कसं कळलं, म्हटलं. लग्नाआधी ट्रकवर होतो म्हणाले. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. मला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं! हे दुकान सासूबाईंच्या वडिलांचं, एवढं माहीत होतं. लग्नानंतर ते बाबांना म्हणाले होते, थोडे दिवस गल्ल्यावर बसा, मग बघू.
"मीसुद्धा जावईच आहे हो इथला," म्हणाले, आणि हात पुसून गिऱ्हाइकाकडे गेले.

१५ फेब्रुवारी
आज हिच्याशी वाजलं. तुम्ही गेलात तर बाबांना एकट्याने दुकान झेपणार आहे का? आई असती तर गोष्ट वेगळी. (सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं.)
मी म्हटलं, तू पण चल.
"आणि बाबा?"
इकडे आड, तिकडे विहीर. आणि माझा धंदा विहिरी खोदायचा! हसूही येईना.

१९ फेब्रुवारी
चेन सरळ झाली. डावीकडे जाड बुश टाकला, उजवीकडचा घासून पातळ केला. तरी टायर चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांना, घासत होता. मग अरुंद टायर चढवला. बाबा आता रोज जेवणाच्या सुट्टीत येतात. पाना धरतात, बॅटरी धरतात. आज सदऱ्याला ग्रीस लागलं, ही त्यांनाच ओरडली. खूश दिसले.
वेगाचा काटा मात्र चालत नाही. नव्या चाकाला केबल जोडायची सोयच नाही. बाबा म्हणाले, नको, वेग अंगाला कळतो.

२२ फेब्रुवारी
चालवून पाहिली. वस्ती संपते तिथपर्यंत गेलो. हँडल जरा जड, पण स्थिर. पुढे रस्ता मोकळा. तसाच गेलो असतो तर? दुकान उघडायची वेळ झाली म्हणून वळलो. वळताना कोणी ओढत नव्हतं, तरी वळलो.
बाबा बाहेर उभेच होते. थरथरते का, विचारलं. नाही म्हटलं. सीटवर हात ठेवून उभे राहिले. तेव्हाच सांगणार होतो पहिल्या तारखेचं. तोंड उघडलं आणि एक माणूस पांढरा मागत आला. छतासाठी. राहिलं.

२५ फेब्रुवारी
आजही सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी
सकाळी गोदामामागे गाडी नाही! चोरी झाली म्हणून ओरडतच घरात आलो. ही शांत. म्हणाली, बाबा पण नाहीत. त्यांचं अंथरूण नीट घडी केलेलं. ओट्यावर दुकानाच्या किल्ल्या, माझ्या चहाच्या कपाशेजारी.
काय करणार? दुकान उघडलं. कंत्राटदार आला, शटरसाठी हिरवा मागणारा आला. हात चालत होते, लक्ष फोनकडे.
दुपारी वाजला. मागे वारा नुसता घोंघावत होता. बाबा घाट चढून वर आले होते.
"मागचं चाक सरळ चालतंय बरं का, जावईबापू."
कधी येताय, विचारलं.
"अजून पुढे जायचंय," म्हणाले आणि ठेवला. असा मोकळा आवाज त्यांचा मी आजवर ऐकलेला नाही. राग यायला हवा होता. हेवा वाटला.

२८ फेब्रुवारी
उद्या पहिली. साहेबांना येत नाही म्हणून कळवलं. नंतर ही शेजारी येऊन बसली. तुमच्या नोकरीचं बाबांना मीच सांगितलं, म्हणाली. ते तिला म्हणाले होते, "जावई गेले की मी कायमचा अडकलो. त्यांच्या आधी मला निघू दे."
गाडीची किल्ली हिनेच काढून दिली.