हिरव्या कागदाचा बाण

९ सप्टेंबर, मंगळवार

सात नंबरच्या पलंगावरच्या मावशींनी — खाला म्हणतात त्यांना सगळे — आज मला चक्क हाकललं! "बसू नका बाई. माझ्याजवळ बसून काही मिळायचं नाही तुम्हाला." एवढं बोलून भिंतीकडे तोंड.

त्यांची सून माझ्यामागे व्हरांड्यात आली. बिचारीचा चेहरा एवढासा झाला होता. "अम्मी अशा नाहीत हो. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण वेळ झाली की मशीन थांबवून उठायच्या. पाची वेळा. ऑपरेशन झालं आणि सगळं बंद. नमाज नाही, बोलणं नाही. पाच महिने झाले. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत — आणि या अशा."

मौलानांनी मला हॉस्पिटलात आजाऱ्यांना भेटायच्या या कामाला जुंपलं तेव्हा थोडक्यात सांगितलं होतं — आजाऱ्याजवळ थोडंच बसायचं, दमवायचं नाही, धीर येईल असं बोलायचं. आणि निघताना त्यालाच सांगायचं, "माझ्यासाठी दुआ करा." आजाऱ्याची दुआ लवकर पोचते म्हणून. मला यातलं हे शेवटचं फार पटतं. पलंगावरच्या माणसाला जो तो काहीतरी देत असतो. औषध, सूप, फुकटचे सल्ले. त्याच्याकडे मागत कुणीच नाही.

खालांकडे मागितलं, तर ही गत.

११ सप्टेंबर

पुन्हा गेले. मी पण हट्टीच. पाच मिनिटं पलंगाशी बसले. मग त्याच बोलल्या — "कुर्त्याची डावी बाही ओढतेय. कुणी शिवला?"

"मीच."

"दिसतंय."

चला! बोलल्या तरी.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज कळलं काय ते.

सून जेवायला खाली गेली होती. खालांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चादर बाजूला केली. पोटाला डावीकडे पिशवी लावलेली. आतडं कापून वाट बाहेर काढलीय, ती आता कायमची. "ही घाण चोवीस तास अंगावर. कधी भरेल, सांगता येत नाही. आणि अशीच्या अशी त्याच्यासमोर उभी राहू? आयुष्यभर कपड्यावर तेलाचा ठिपका पडू दिला नाही मी."

पाच महिने हेच मनात धरून बसल्या होत्या. कुणाला विचारलं नाही. मुलाला सांगायची लाज, मौलाना पुरुष, सून परक्या घरची. मला रडू आलं आणि रागही आला. एवढ्याशा प्रश्नासाठी एक माणूस पाच महिने अंधारात!

व्हरांड्यातून मौलानांना फोन लावला. नाव सांगितलं नाही. ते म्हणाले, "आपा, जे थांबवणं हातात नाही, त्याला माफी आहे. प्रत्येक वेळेला नवा वजू करायचा, आणि पढायचं. मधे काही झालं तरी त्या वेळेपुरतं चालतं. बसून जमेल तर बसून, नाहीतर पडून, तेही नाही तर नुसत्या मानेच्या खुणेनं. त्यांना सांगा, त्या आजारी आहेत, नापाक नाहीत."

१६ सप्टेंबर

सांगितलं. खालांनी तीनदा विचारलं — "मौलाना असं म्हणाले? ह्याच शब्दांत?" तीनदा ह्याच शब्दांत सांगितलं.

मग वजूसाठी प्लास्टिकचं घमेलं आणलं. वॉर्डातल्या उंच सिस्टरनं कोमट पाणी दिलं. मी ओतत होते, त्या धूत होत्या. तळवे, तोंड, कोपरापर्यंत हात. पाय मी धुतले. किती बारीक झालेत!

किब्ल्यासाठी मी घरून हिरव्या कागदाचे बाण कापून नेते, नमाजेची दिशा दाखवायला. एक त्यांच्या कपाटावर चिकटवला. खालच्या मजल्यावर दारातून शिरलं की किब्ला उजव्या हाताला, तसाच इथेही लावला. पलंग हलवता येत नाही, ऑक्सिजनची नळी भिंतीत आहे. मान वळवली तरी पुरे.

पडदा ओढून मी बाहेर उभी राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग हुंदका ऐकू आला. बराच वेळ.

सिस्टर धावत आली. मी म्हटलं, "राहू दे, चांगलं चाललंय."

१७ सप्टेंबर

इथे लिहायला हरकत नाही. वाचणारं कोण आहे?

मी नमाज पढत नाही. तीन वर्षं झाली. लोकांना वजू करवते, बाण चिकटवते, मौलानांचे शब्द पोचवते. आणि स्वतः — शून्य. पन्नाशी उलटल्यामुळे आता बाईमाणसाच्या सुट्टीचं कारणही उरलेलं नाही.

हे आजारी होते तेव्हा अकरा आठवडे मी पलंगापासून हलले नाही. त्या दिवशी अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, वेळ झाली म्हणून शेजारच्या खोलीत गेले. दहा मिनिटं. सजद्यातून डोकं उचललं, परत आले, तर हे गेले होते. एकटे. मी यांच्याचसाठी तर मागत होते, आणि तेवढ्यात!

त्यानंतर डोकं टेकवायचं म्हटलं की छातीत धस्स होतं. उठेन तेव्हा कोण नसेल? आणि राग आहे. हो, आहे राग. दुआ तोंडानं म्हणते, कामाचा भाग म्हणून. डोकं टेकवत नाही.

याच मजल्याच्या टोकाला नमाजेची खोली आहे. अजून आत पाऊल टाकलेलं नाही.

२३ सप्टेंबर

खाला ओळखू येत नाहीत! सिस्टरची मापं घेतात डोळ्यांनी, डॉक्टरच्या पँटची शिलाई उसवलीय म्हणून त्यांना भर राउंडमध्ये थांबवलं. सून हसली. पहिल्यांदा पाहिली तिला हसताना.

खिडकीतून लांब पाण्याची टाकी दिसते, पलंगाच्या डावीकडे. खाला म्हणाल्या, "त्या टाकीच्या पायथ्याला माझं घर. घरी नमाजेला उभी राहिले की हे हॉस्पिटल बरोब्बर माझ्या पाठीला. बरं वाटायचं, दिसत नाही म्हणून."

मी हसले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. औषधानं कधी कधी अशी तंद्री लागते त्यांची.

उशी रोज डावीकडे सरकलेली असते. दुखतं त्याच कुशीवर भार येतो. मी रोज सरळ करते.

२६ सप्टेंबर

निघताना म्हटलं, "खाला, माझ्यासाठी दुआ करा." आता हाकलत नाहीत.

"कशासाठी करू?"

"सगळ्यासाठीच."

"घाऊक काम मी कधी घेतलं नाही पोरी. माप सांग."

काय सांगणार? म्हटलं, "हे गेले तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते." "काय करत होतीस?" मी पाण्याची बाटली भरायला उठले. भरलेलीच होती.

२७ सप्टेंबर

उशी सरळ केली. खाला म्हणाल्या, "तुझ्यासाठी एक दुआ धरलीय. कुठली ते विचारू नकोस."

४ ऑक्टोबर

खालांना ताप. बोलणं कमी. तरी पडदा वेळेवर ओढायला सांगतात.

१२ ऑक्टोबर, रविवार

खालांना दुपारी तपासणीला खाली नेलं. व्हरांड्यात बसायला जागा नव्हती. पाय दुखत होते. म्हणून — केवळ म्हणून — नमाजेच्या खोलीत गेले.

आत एक बाई सलाइनचा स्टँड शेजारी घेऊन खुर्चीवर बसल्या बसल्या पढत होती. झालं तिचं. मला म्हणाली, "या ना, जागा आहे." जणू मी त्यासाठीच आले होते. तिला नाही म्हणायचं कसं? नळाशी गेले. हातांना सगळं पाठ होतं, मला विचारलंसुद्धा नाही त्यांनी.

अस्रचीच वेळ. उभी राहिले. सजद्यात डोकं टेकवलं आणि छातीत तेच, धस्स. तसंच टेकवून ठेवलं. उठले. ती बाई होती. स्टँड होता. कुणी गेलं नव्हतं.

मग मात्र रडले. तीन वर्षांचं.

शेवटचा सलाम फेरून समोर पाहिलं तर खिडकीत पाण्याची टाकी. नाकासमोर! म्हणजे किब्ला टाकीच्या दिशेला. आणि खालांची टाकी पलंगाच्या डावीकडे. आणि माझा बाण — उजवीकडे!

या मजल्याची दारं उलट्या अंगाला आहेत. खालच्या मजल्यासारखं धरून चिकटवून टाकला. एकदा जरी या खोलीत उभी राहिले असते तरी कळलं असतं. सव्वीस दिवस! जिनं पाच महिन्यांनी धीर केला, तिला मी उजवीकडे, हॉस्पिटलच्या लाँड्रीकडे तोंड करून बसवलं. आता त्या म्हणतील, बघ, माझं काही पोचतच नव्हतं. आणि पुन्हा भिंतीकडे वळतील. दिवस किती राहिलेत त्यांचे?

१३ ऑक्टोबर

सकाळी मौलानांना फोन. "त्यांनी विश्वासाच्या माणसाला विचारून दिशा धरली. त्यांची नमाज झाली. परत पढायची गरज नाही." मग — "आणि तुम्ही, आपा?" म्हटलं, "माझं बघते मी."

सांगू नये असंही वाटलं. गुपचूप बाण फिरवला असता, कुणाला कळलं असतं? पण त्यांच्यासमोर उभी राहिले आणि भडाभडा सगळं बाहेर आलं. बाण, खोली, सगळं. मौलानांचं सांगायचं राहिलंच.

खालांनी डोळे उघडले. "कुठं कळलं तुला?"

"नमाजेच्या खोलीत."

"पढलीस?"

"... हो. खाला, मी तुमच्या नमाजेचं म्हणतेय!"

"माझं राहू दे. पढलीस ना?" आणि हसायला लागल्या. पोटाला हात धरून, दुखत होतं तरी. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, तापानं असेल. मी मौलानांचे शब्द सांगायला लागले, तर हातानंच गप्प केलं.

"बाण नीट लावते, खाला."

"काढूनच टाक. झालं त्याचं काम."

त्यांच्या शेजारी, पडद्याच्या आत, आज दोघी एकदम पढलो. त्या मानेनं, मी खाली चटईवर.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

खाला गेल्या. दुपारी, सव्वातीनला.

मुलगा, सून, मी. श्वास लांबत चालला तेव्हा मी कानाजवळ हळू आवाजात कलमा म्हटला. एकदाच. म्हणा म्हणून आग्रह करायचा नाही, नुसता ऐकू येईल असा. त्यांचे ओठ हलले. मग मुलानं चेहरा किब्ल्याकडे वळवायला हात घातला. वळवावा लागला नाही. उशी डावीकडेच सरकलेली होती.

या वेळी मी शेजारच्या खोलीत नव्हते.

२० ऑक्टोबर

उंच सिस्टर जिन्यात भेटली. म्हणाली, "पहिल्याच दिवशी मी खालांना विचारलं होतं, बाण उजवीकडे आणि तुम्ही उशी ओढून डावीकडे का तोंड करता? तर म्हणाल्या, 'तिला सांगू नकोस. बाण चुकला म्हणजे ती इथं कधी पढलेलीच नाही. एक दिवस स्वतः उभी राहिली की तिचं तिलाच कळेल. तोवर मी तिच्यासाठी मागते.'"

आणि ती उशी मी रोज सरळ करत होते.