तुलनेचा वर्ग

ता. १४ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पन्नाशी ओलांडली तरी ताई तुम्हाला धाकटा म्हणते, म्हणून तुझे विद्यार्थी हसतात असं लिहिलंस. हसू देत. प्रोफेसर तू त्यांचा, माझा नव्हेस.

पहिलीची सहामाही परीक्षा झाली. सव्वीसपैकी सतरा मुलांचं बरं चाललं आहे. ही कशीही शिकवली तरी शिकणारीच मुलं. उरलेली नऊ मात्र अडून बसली आहेत. अक्षरं ओळखतात, पण अख्खा शब्द समोर आला की माझ्या तोंडाकडे बघतात. त्यातच आमची खोडरबर. हे नाव मीच पाडलं. लिहिलेलं इतकं खोडते की वहीच्या पानाला भोक पडतं. पुस्तक हातात दिलं की चित्राकडे बघून घडाघडा वाचून दाखवते, आणि त्यातला एक शब्द पानावर असेल तर शपथ. पण थाट असा, की मोठ्या बाई वर्ग तपासायला आल्या तेव्हा त्यासुद्धा फसल्या. छत्तीस वर्षांत मला असं सुंदर खोटं वाचणारं कुणी भेटलं नव्हतं.

तिची मामेबहीण पूर्वी माझ्याकडे होती, पट्ट्यांवर वाचायला शिकली. त्यामुळे ही रोज विचारते, बाई, माझी पट्टी कधी? मी काय सांगणार? तुझ्या सांगण्यावरून पट्ट्यांचा डबा जूनपासून कपाटात कुलपात आहे. शेजारच्या वर्गात तू तयार केलेल्या नव्या बाई पट्ट्या करतात, आणि तिथली पोरं आपापली वाक्यं ओरडून वाचतात ती आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येतात. तुला आठवतं ना? ताईने माझा पतंग फाडला, असं तू रडत सांगितलंस. मी ते जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिलं, कात्रीने चार शब्द सुटे केले आणि तू दुपारभर ते जुळवत बसलास. ती माझी पहिली पट्टी. तुझं पहिलं वाचन म्हणजे माझ्यावरची तक्रार.

तर विचारते आहे, या नऊ जणांपुरता डबा उघडू का? एप्रिलअखेर मी निवृत्त होणार. हा माझा शेवटचा वर्ग आहे. लवकर कळव.

प्रकृतीला जप. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
ताई


ता. २२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. खोडरबरवर हसलो, आणि मग तुझा प्रश्न आला.

ताई, रागावू नकोस, पण डबा उघडू नकोस. पट्ट्यांनी मुलं वाचायला लागतात हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. बाकी जगाला ते सिद्ध करून द्यावं लागतं. तुझ्या हातात काहीही चालतं, म्हणून तुझा वर्ग पुरावा होत नाही. त्यासाठीच नव्या बाईंना पट्ट्या दिल्या आणि तुला नुसतं पुस्तक. त्यांचा प्रयोगाचा वर्ग, तुझा तुलनेचा. आता मध्येच तू नऊ मुलांना पट्ट्या दिल्यास तर दोन वर्गांत फरक कशाने पडला हे सांगताच येणार नाही, आणि तीन वर्षांचं काम पाण्यात जाईल.

मार्चच्या मध्यावर शेवटची चाचणी. मग डबा तुझा, मुलं तुझी, दीड महिना हाताशी. तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. हे निष्कर्ष एकदा परिषदेत मांडले की अशा नऊ नव्हे, नऊ हजार मुलांचं भलं होईल. आणि त्या व्यासपीठावर मी तुला माझ्या शेजारी बसवणार आहे, हे आजच लिहून देतो.

तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणा शिक्षिकेने माझ्यासाठी एवढं केलं नसतं. असाच हात डोक्यावर राहू दे.

तुझा,
धाकटा


ता. ३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निवृत्तीनंतर तू दिवसभर काय करतेस हा प्रश्न मला पडला होता. खिडकीतून शाळा सुटताना बघतेस, असं माझी बायको, तुझी वहिनी, सांगते. आता तुला कामाला लावतो.

परिषद ऑक्टोबरात, ११ आणि १२ तारखेला. विषय माझ्या आवडीचा: वाचनावरचं संशोधन आणि प्रत्यक्ष वर्ग यांची गाठ कशी घालायची. संशोधक येणार, शिक्षक येणार, खात्यातले अधिकारीही येणार. पहिल्या दिवशी दुपारी माझा निबंध. दोन वर्गांतला आपला फरक इतका मोठा आला आहे की आकडेमोड करणाऱ्या मुलीने तीनदा तपासून पाहिला. चहानंतर शिक्षकांचं सत्र, त्यात पहिली तू. वीस मिनिटं. काहीही बोल, फक्त माझा पतंग काढू नकोस.

चाचणी घ्यायला माझी माणसं मार्चऐवजी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आली, हे मला लागून राहिलं आहे. परीक्षक मिळेनात, काय करणार. तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, हा तुझा मोठेपणा.

येण्याचं नक्की कळव. दारात उभा राहून वाट बघेन.

तुझा,
धाकटा


ता. १८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

न सांगता निघून आले, म्हणून तू तीनदा फोन केलास. मी उचलला नाही. फोनवर मी रडले असते आणि तू मला समजावलं असतंस, आणि तुझं समजावणं मला नेहमी पटतं. म्हणून लिहिते आहे.

सभागृह छान होतं. दारात एका मुलीने माझ्या गळ्यात फितीचं कार्ड घातलं, त्यावर वर्गशिक्षिका असं लिहिलेलं. मी चौथ्या रांगेत बसले. तुझा आवाज मागेपर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. लहानपणी तू पुटपुटायचास, म्हणून मला बरं वाटलं, अभिमानही वाटला.

मग तू पडद्यावर दोन रेघा दाखवल्यास. एक वर चढलेली, एक जवळजवळ आडवी. वरच्या रेघेचं तू खूप सांगितलंस. खालच्या रेघेबद्दल एवढंच, की हा नेहमीच्या पद्धतीने शिकवलेला वर्ग. माझ्या शेजारच्या बाई हळहळल्या. म्हणाल्या, त्या बिचाऱ्या शिक्षिकेला कुणी काही शिकवलंच नसेल. मी म्हटलं, असेल. आणि गळ्यातलं कार्ड उलटं केलं.

धाकट्या, ती माझी नेहमीची पद्धत नव्हती. माझी नेहमीची पद्धत कुलपात होती. ती तू माझ्याकडून शिकलास, भिंतीपलीकडे दिलीस आणि मला बंद केलीस. तू चोरलीस असं मी म्हणत नाही. मागितली असतीस तर सगळी दिली असती. मला राग येतो तो माझाच. डिसेंबरात मी तुझी परवानगी का मागितली? कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. छत्तीस वर्षं कुणा साहेबाला भ्याले नाही, आणि भाऊ प्रोफेसर झाला म्हणून वर्गातल्या नऊ मुलांकडे पाठ केली. खोडरबरने एप्रिलमध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा मी तिला पुढच्या वर्षी असं सांगितलं. पुढच्या वर्षी मी नसणार हे मला ठाऊक होतं.

त्या आडव्या रेघेकडे बघून मला त्यांचे चेहरे दिसायला लागले. व्यासपीठावर चढून मी काय बोलणार होते? म्हणून चहाच्या आधी उठले.

निबंध छापून यायचा आहे असं तू म्हणाला होतास. त्यात काय राहू द्यायचं ते तू ठरव. मी आता तुला काही सांगणार नाही.

वहिनीला आशीर्वाद. माझी माया कमी झालेली नाही, हेच तर अवघड आहे.

ताई


ता. ३० ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दहा दिवस उत्तर लिहितो आहे आणि फाडतो आहे. खोडरबर म्हणायचं तर मलाच म्हण.

चहानंतर तुझं नाव पुकारलं. खुर्ची रिकामी. मी उठून सांगितलं की ताईंना बरं वाटत नाही. तेव्हाही खरं बोललो नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुझ्या प्रकृतीसाठी.

तुझं पत्र आल्यावर जुने कागद काढले. तू डिसेंबरात विचारलंस आणि मी उत्तरात लिहिलं की तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. वाचनावर अर्धं आयुष्य घालवलेला माणूस हे वाक्य लिहितो! पहिलीत तीन महिन्यांनी किती बिघडतं, यावर मी स्वतः व्याख्यानं देतो. तुलनेचा वर्ग मला दुसऱ्या कुठल्याही शाळेत घेता आला असता. पण तिथे दहा परवानग्या लागल्या असत्या आणि कुणीतरी नाही म्हटलं असतं. तू नाही म्हणणार नाहीस हे मी धरून चाललो. ताई, हे सगळ्यात वाईट. प्रयोगात पहिल्यापासून तेच एक गृहीत होतं, आणि ते मी कुठेच नोंदवलं नाही.

संपादकांना लिहिलं आहे. दोन परिच्छेद घालायला सांगितले. पहिला, की पट्ट्यांची पद्धत माझी नाही, एका वर्गशिक्षिकेची आहे, आणि तिने पहिला विद्यार्थी शिकवला तो मी. दुसरा, की तुलनेचा वर्ग नेहमीच्या पद्धतीचा नव्हता. त्या शिक्षिकेचं काम माझ्या सांगण्यावरून थांबवलं होतं. त्यांचं उत्तर परवा आलं. असं असेल तर निष्कर्ष उभा राहत नाही, निबंध छापता येणार नाही. बरोबरच आहे. सहकारी जिन्यात भेटले की घड्याळ बघतात. मला वाईट वाटत नाही असं लिहिणार होतो, पण वाटतं.

त्या नऊ मुलांचं काय करता येईल? मोठ्या बाईंशी बोललो. शनिवारी दुपारी तुझी जुनी खोली द्यायला तयार आहेत. डबा अजून त्याच कपाटात आहे म्हणाल्या. तू जाशील? मी येऊन कात्री चालवेन, तू म्हणशील ते करेन. घरी बोलावून धपाटा घातलास तरी चालेल, पण पत्र लिही.

तुझा,
धाकटा


ता. १२ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

धपाटा घालायला आता माझा हात पोचत नाही, तू फार उंच झालास. चार शनिवार तू आलास, खाली बसून पट्ट्या कापल्यास, पोरांनी तुला शिपाईकाका समजून पाणी आणायला लावलं आणि तू आणलंस. माझा अर्धा राग तिथेच गेला. गेल्या शनिवारी गुडघे धरून घरी बसलास, म्हणून तुला पुढचं माहीत नाही.

नऊपैकी सहा मुलं येतात. दोघांच्या घरून निरोप आले, त्यांना वेळ जमत नाही. नाताळच्या सुट्टीत मी स्वतः जाऊन बघेन. सहापैकी चौघांची गाडी चालू झाली. वेळ लागतो आहे. गेल्या वर्षी जे महिन्यात झालं असतं त्याला आता तीन लागतील, कारण मध्ये आपल्याला येत नाही हे ती शिकून बसली आहेत. ते आधी पुसावं लागतं.

राहिली खोडरबर. तिच्या घरी मी दोन चिठ्ठ्या पाठवल्या, अगदी सुवाच्य अक्षरात. शनिवारी दोन वाजता मुलीला पाठवा, मी तिला वाचायला शिकवते, उशीर झाला याची मला लाज वाटते, असं सगळं लिहिलं. उत्तर नाही. मला रागही आला. म्हटलं, कसली ही आई.

काल पत्ता काढत गेले. खोलीला कुलूप. शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी सांगितलं की कामाच्या शोधात सगळे पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या गावी गेले, कुठल्या ते ठाऊक नाही. माझ्या दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्याकडे निघाल्या. आईने हरवू नयेत म्हणून ठेवायला दिल्या होत्या. त्या घरात वाचता येणारं कुणीच नाही. मला हे माहीत असायला हवं होतं. त्या घरात वाचणारी ती एकच होणार होती, आणि ते काम माझ्याकडे होतं.

पण चिठ्ठी वाचली गेली म्हणे. पहिली आली तेव्हा आईने ती मुलीच्याच हातात दिली, की दोन वर्षं शाळेत जातेस, वाच. आणि तिने उंबऱ्यात उभं राहून घडाघडा वाचून दाखवली. शेजारच्या बाईंनी स्वतः ऐकलं, त्यांना शब्दसुद्धा पाठ होते. दुसरी चिठ्ठी आली, तीही तशीच वाचली, तेच शब्द. आई इतकी खूश झाली की चाळभर सांगत सुटली, मुलीला वाचता येतं. मग शनिवारी कुठे पाठवायचा प्रश्नच नव्हता.

धाकट्या, तुला माहीत आहे, पट्टीवर वाक्य मुलाचंच लागतं, आपलं घालून चालत नाही. तिने दोन्ही चिठ्ठ्यांतून वाचून दाखवलेलं वाक्य मी घरी येऊन लिहून काढलं आणि आज शाळेत जाऊन डब्यात ठेवलं. बाई पुढच्या वर्षी माझी पट्टी करणार आहेत. एवढंच आहे. शब्द सुटे केलेले नाहीत.

शनिवारी गुडघे बरे असले तर ये, चांगली कात्री आण. आपल्यात जे उरलं आहे ते सांभाळू.

तुझी,
ताई