भुजंगप्रयातात बांधलेलं बिल्ड

४ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. मोजकी, नेमकी, शास्त्रशुद्ध.
लिफ्टच्या सॉफ्टवेअरचं बिल्ड, म्हणजे सुट्या फायली यंत्राच्या भाषेत आणून (कंपाईल करून) जोडायचं काम, माझ्याकडे आलं, त्याला आज एकवीस वर्षं झाली. ऑफिसात कुणाच्या लक्षात नाही. मीही आठवण करून दिली नाही. (दोनदा विषय काढला, तो सहज.)
संकल्प: कुणावर चिडायचं नाही.

९.४०
टेस्टिंगवाला आला. तळघरातल्या चाचणीच्या लिफ्टमध्ये चिटपाखरू नसताना पाटीवर ‘वजन जास्त’ येतं आणि लिफ्ट हलत नाही म्हणाला. मी विचारलं, तू नक्की बाहेर उभा होतास ना? तो चिडला. मी चिडलो नाही. संकल्प शाबूत.
उपाय सांगितला: आधीचं कंपाईल झालेलं सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड कर. पन्नास मिनिटं लागली. लिफ्ट गुमान चालली. याला हातगुण म्हणतात.

५ मार्च
पुन्हा ‘वजन जास्त’. पुन्हा पुसून बिल्ड. त्या पन्नास मिनिटांत खिडकीशी उभं राहून शाळेतल्या कविता म्हटल्या. सातवीचे मास्तर टेबलावर पट्टीने लघु-गुरू वाजवून दाखवायचे. आता तशा पट्ट्या नाहीत. तसे कानही नाहीत.
साहेबांनी (वय चौतीस) बोलावलं. चौदा तारखेला ग्राहक लिफ्ट बघायला येणार. नीट चालली की पंधराला संपणारी माझी नोकरीची मुदत वर्षभर वाढणार. पत्र टाईप होऊन तयार आहे, फक्त सही बाकी. म्हणजे झालंच.

७ मार्च
वजनाचा भाग सध्या एक नव्या इंजिनिअरबाई लिहिताहेत. मी त्यांना मनात प्रश्नचिन्हबाई म्हणतो. आजचा प्रश्न: काका, थोडंसं बदलून बिल्ड केलं की बिघडतं, पुसून केलं की सुधरतं. मग एखादी फाईल पुन्हा कंपाईल व्हायची राहत तर नसेल?
म्हटलं, राहील कशी? कुठलं हेडर बदललं की कुठल्या फायली पुन्हा कंपाईल करायच्या, ती यादी मी हाताने लिहिली आहे.
हाताने? म्हणाल्या. त्या सुरात माणूस ‘बैलगाडीने?’ असं विचारतो.
ती यादी कंपायलर आपली आपण काढून देतो म्हणे. देत असेल. पण त्याला पाठ असते का? माझी बावीसच्या बावीस हेडरं भुजंगप्रयातात बांधलेली आहेत. ‘दिवा दार घंटा तसे ब्रेक पंखा...’ उभं राहून म्हणून दाखवलं. शेजारच्या टेबलावरच्याने हेडफोन चढवले. भारावला असावा.

८ मार्च
दोष सापडला! घड्याळं. फाईल कधी बदलली ते पाहून ती पुन्हा कंपाईल करायची का, ते बिल्ड ठरवतं, आणि एका कॉम्प्युटरचं घड्याळ चार सेकंद मागे होतं. सगळी जुळवली. साहेबांना मेल: दोष निकालात.
सव्वापाचला टेस्टिंगवाल्याचा फोन. उचलला नाही. आनंद सोमवारपर्यंत टिकावा.

९ मार्च, शनिवार
बायकोने विचारलं, अहो, हेडर हेडर म्हणजे असतं तरी काय? सांगितलं: सगळ्यांच्या सामायिक माहितीची फाईल. ती बदलली की तिच्यावर अवलंबून असणाऱ्या सगळ्यांना कळलं पाहिजे.
म्हणजे पत्ता बदलला की नातेवाइकांना कळवायचं, तसं?
अगदी तसं.
आणि ती यादी तुमच्याकडे? ती म्हणाली. आपण घर बदललेलं माझ्या बहिणीला तीन महिन्यांनी कळलं. बिचारी जुन्या दारावर थापा मारून परत गेली.
तांत्रिक चर्चा घरात करू नये.

११ मार्च
संकल्प: यादी तपासायची. गरज नाही, पण प्रश्नचिन्हबाईंचं समाधान होईल.
दुपारी पाठांतराशी ताडून पाहिली. अक्षर न् अक्षर जुळली. आणखी कसला पुरावा हवा?

१३ मार्च
उद्याची योजना: सकाळी आठला पुसून बिल्ड. मग कुणी कशाला हात लावायचा नाही. बिल्डला दुसरं काही नको, शिस्त हवी.

१४ मार्च
८.०० बिल्ड सुरू.
८.५० लिफ्ट उत्तम.
९.३० साहेब धावत आले. ग्राहकाची ऐनवेळची मागणी, वजनाच्या हेडरात एक नवी नोंद घाला. पन्नास मिनिटं होती कुठे? बदललं तेवढंच बिल्ड केलं.
१०.०० ग्राहक दोघे. दार उघडलं. आत कुणी नाही. ‘वजन जास्त’. घंटा. एका ग्राहकाने वाकून कोपऱ्यात कुणी बसलंय का ते पाहिलं. साहेब लिफ्टकडे नाही, माझ्याकडे पाहत होते.
प्रश्नचिन्हबाईंनी विचारलं, काका, पाटीच्या फाईलला वजनाचं हेडर लागतं. ते यादीत कुठाय?
मनात श्लोक म्हटला. दोनदा. वजन नव्हतं.
बसणार कसं? तीन अक्षरं, तिन्ही लघु. भुजंगप्रयातात लागोपाठ दोन लघुसुद्धा चालत नाहीत. पुढच्या श्लोकात वेगळ्या वृत्तात घेऊ, असं ठरवलं होतं. तो श्लोक राहिला, आणि यादी मी श्लोकावरूनच उतरवली होती. बाई येईपर्यंत एकवीस वर्षं त्या हेडरला कुणी बोटही लावलं नव्हतं, त्याला मी काय करू?
बाईंनी जुन्याच हेडरवर अडकलेली तेवढी एक फाईल कंपाईल केली. वीस सेकंद. लिफ्ट चालली.

१५ मार्च
माझी यादी पुसली. तिच्या जागी बाईंनी चार ओळी घातल्या. आता कंपायलर प्रत्येक फाईल कंपाईल करतानाच, तिने कुठली हेडरं उघडली ते टिपून ठेवतो. माझी बावीस, त्याची एकतीस. उरलेल्या नवांतली कितीतरी वृत्तात सहज बसणारी निघाली. वाईट वाटलं.
साहेब गोड बोलले. काका, यादी सांभाळायचं कामच उरलं नाही हो. पत्राचं विचारलं नाही. आठ दिवसांत त्यांचंच अडेल. निघताना सांगून आलो: फोन करायला संकोच करू नका.

१९ मार्च
फोन नाही. बहुधा संकोच.

२१ मार्च
मीच केला. बिल्ड कसं आहे? चाललंय काका, बाई म्हणाल्या. काही अडचण? नाही. पुसून करावं लागतं का कधी? नाही काका.
बायको म्हणाली, अहो, ठेवा आता, कामं असतात लोकांना.

२७ मार्च. दुपारी २.१५
फोन! खुद्द साहेब. बायकोला खुणेने सांगितलं, बघ.
माझ्या जागी आता प्रश्नचिन्हबाई बसतात. त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि माझ्या खुर्चीची उंची कमी करायची कळ कुणाला सापडत नाही.
सांगितलं: उजवीकडे, बैठकीच्या खाली. आधी नीट बसायचं, मग वर ओढायची. साहेब म्हणाले, थांबा. मागून बाईंचा आवाज आला, जमलं! फोन बंद झाला.
शेवटी माझ्यावाचून अडलंच.