कुइदेरच्या चाळिसाव्याचा चढ

शनिवार, २१ ऑक्टोबर

कालच्या चढाची खरी किंमत मांडून ठेवतो. घराच्या अठरा पायऱ्या उलट्या उतरलो, कपाट उतरवणाऱ्या हमालासारखा. दुकानात दोन बायकांनी वरच्या फळीवरची बटणं मागितली, दोघींना ‘संपली’ म्हणून परत पाठवलं. आणि जुम्म्याला मशिदीत खुर्ची घेतली. पहिल्यांदाच! रांगेच्या टोकाला, म्हाताऱ्यांत. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कुणी दाभण फिरवतंय.

एवढं करून माथा गाठला का? नाही. दुसऱ्या वळणावरून परत फिरलो.

गावामागच्या पठाराचा साधा साडेसहा किलोमीटरचा चढ. माझा मित्र कुइदेर वारल्यापासून काल पहिल्यांदा सायकलने गेलो होतो. आज एकोणीस दिवस झाले. झोपेतच गेला.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे सायकल बंद.

“दहा नोव्हेंबरला आमच्या मित्राचा चाळिसावा दिवस आहे.”

“मग गाडीने जा.”

याला काय सांगणार? आमच्या सायकलटोळीतल्या उरलेल्या चौघांनी ठरवलंय – चाळिसाव्याच्या सकाळी, कुराण वाचायला बसण्याआधी, सायकलींवरून पठार चढायचं. ओळीत कुइदेरची जागा मोकळी सोडायची. ती जागा माझ्या चाकामागची. मीच नसलो तर मोकळी जागा कुणाच्या मागे सोडणार ते?

सतरा वर्षं तो माझ्या मागे होता. चढावर एकदाही त्याला पुढे जाऊ दिलं नाही! बटणांची टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरलेले पाय आहेत हे. तो बिचारा पोस्टातला, जन्मभर टेबलाखाली पाय.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

सायकल दुरुस्तीवाल्या लखदरकडे गेलो. त्याने साखळी काढली, मागच्या दात्यांवरून बोट फिरवलं. जड गिअरच्या चकत्या झिजून सुऱ्या झाल्यात. हलक्या गिअरच्या कोऱ्या करकरीत.

“सी घौती, या काय मुलीच्या रुखवतात ठेवायच्यात?”

मानाने ‘सी’ म्हणायचं आणि वर हे! दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

खरं इथेच लिहितो. चढावर गिअर हलका केला की खट् वाजतं. मागच्याला ऐकू जातं, पुढच्याचा दम संपला म्हणून. कुइदेरला ते ऐकू जाऊ नये म्हणून सतरा वर्षं जड गिअर रेटला. त्याचे खट् मात्र मी मोजायचो. माथ्यावर पोचलो की जाहीर करायचो – “आज सात!”

“तुझे कान आहेत की जकातनाका?” असं म्हणायचा. आणि खिशातून खजूर काढायचा. पहिला मला.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

बर्फ. बायको, हफीदा, म्हणते, “अरे माणसा, ही मटाराची पिशवी तुझ्या गुडघ्यावर दहादा वितळली. आता ती तूच खा.”

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

चाळिसाव्याचं विचारायला झुलेखाकडे गेलो. नवरा जाऊन महिना झाला, तरी त्याची सायकल बोळात तशीच उभी. टायरमध्ये हवा कमी झालीय. मी भरू का, असं विचारायचं होतं. विचारलं नाही.

चहा ठेवता ठेवता तिने विचारलं, “गुडघा कसा आहे?”

चाटच पडलो. हफीदा आणि डॉक्टर सोडून कुणाला सांगितलेलं नाही!

“तुला कुणी सांगितलं?”

“तोच म्हणायचा. दोन वर्षं झाली असतील. घौती पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावतो, पण तू विचारू नकोस हां, त्याला आवडायचं नाही.”

चहा तसाच राहिला. घरी येईपर्यंत रस्त्यात तिघांनी सलाम केला, एकालाही उत्तर दिलं नसावं.

बुधवार, ८ नोव्हेंबर

आज सपाट रस्त्यावर चार किलोमीटर करून पाहिले. दाभण आहेच. हफीदा दारातच उभी होती. “मेलेल्या माणसाशी शर्यत लावतोस?”

शर्यत नाही.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

गेलो.

मी पुढे, मागे एका सायकलीची मोकळी जागा, मग बशीर आणि बाकीचे दोघं. पहिल्या वळणापर्यंत जड गिअर. सवयच! वळणावर गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांसमोर रस्ताच राहिला नाही. कान मागे लावले – सवयच. मागे काही नाही. वारा.

मग गिअर हलका केला. खट्! बशीर ओरडला, “सी घौती, काय तुटलं?”

“काही नाही. गिअर.”

आणखी एक. आणखी एक. रुखवतातल्या त्या कोऱ्या चकत्यांवर साखळी पहिल्यांदा चढली. पाय भरभर फिरायला लागले, लहान मुलाच्या तीनचाकीसारखे. दुखणं थांबलं नाही, पण सोसण्याइतकं झालं. सतरा वर्षांत एवढं साधं केलं नाही मी. माथ्यावर पोचलो तेव्हा तोंड ओलं होतं. घाम म्हणून खपलं.

चौघांनी तळहात उघडून फातिहा म्हटली. खजूर कुणीच आणले नव्हते.

दुपारी झुलेखाकडे कुसकुसचं जेवण. सगळे खाली बसले. तिने न विचारता माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. बसलो.

रविवार, १२ नोव्हेंबर

कुइदेरची मुलगी वसीला दुकानात आली, त्याचा फोन घेऊन. “काका, बाबा यात चढाच्या वेळा नोंदवायचे. तुम्हाला बघायच्या असतील.”

शुक्रवार, आम्ही दोघं – चौतीस मिनिटं.

मंगळवार, तो एकटा, हाच चढ – बावीस.