एलोफच्या ट्रकची चूल

७ मे १९८८, सोडरटेलिये

गुनवोर म्हणते, मी दुरुस्त केलेला हा जुना ट्रक तिच्या बाबांचा, एलोफचा! दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत तो ह्याच्यातून दूध पोचवायचा म्हणे. आता तो वृद्धाश्रमात, बोलणं तुटत चाललेलं. "एकदा बाबांना त्यांच्या गाडीत बसवायचंय. हीच असेल ना हो?"

असेल? मी 'असेल'वर चालत नाही. शाळा सातवीत सुटली, पण स्कॅनिया-व्हाबिसचे ट्रक मी नटबोल्ट खोलून शिकलोय. १८९१ साली इथे व्हाबिसमध्ये रेल्वेचे डबे व्हायचे — ट्रक नव्हे! माल्मोची स्कॅनिया तिला येऊन मिळाली १९११ला. गावातली निम्मी माणसं उलटं सांगतात.

९ मे

ओळखायचं कसं? रंग — तीनदा बदललेला. इंजिनही मूळचं नाही. मग सुचलं — लाकूड! युद्धात पेट्रोल कुठलं? केबिनजवळ भट्टी, तीत बर्च झाडाच्या लाकडाचे तुकडे, त्यांच्या वायूवर इंजिन. एवढं जड धूड चॅसीला, म्हणजे ट्रकच्या खालच्या सांगाड्याला, भोकं पाडल्याशिवाय बसत नाही. भोकं सापडली तर बोलू.

१० मे

पाठीवर सरपटत आत शिरलो. टॉर्च मारला, बोटं फिरवली. कारखान्याच्या नकाशात आहेत तेवढीच भोकं. एकही जास्त नाही.

१४ मे

हा तो ट्रक नव्हे, असं फोनवर सांगूनही गुनवोर बाबांना घेऊन आली. एलोफने केबिनमागे पाहिलं. "चूल कुठाय?"

"ह्याला चूल नव्हती कधी."

"गाढवा, रोज मीच पेटवायचो की!" आणि डाव्या बाजूला काठी ठोकली.

मी चॅसी दाखवली. भोक नाही, म्हणजे भट्टी नाही. गुनवोर हळूच म्हणाली, "खोटं तरी बोलायचंत हो." एलोफ आत बसलाच नाही. गुनवोरने आणलेले दालचिनीचे बन तसेच राहिले.

मी बरोबर आहे. पण काठी तिथेच का ठोकली?

१६ मे

राहवेना. ट्रक दुरुस्त करताना चॅसी वेल्डिंगला बिर्गरकडे दिली होती, त्याला विचारलं.

"भोकं? होती की चार! केबिनच्या मागे, डावीकडे. तूच नकाशा हातात कोंबलास ना — ह्यात नाही ते सगळं बुजव म्हणालास. असं घासलंय, की तुझ्या बोटालासुद्धा लागायचं नाही!"

ट्रक काढतोय. वृद्धाश्रमाच्या दाराशी नेऊन उभा करतो.